मिस्त्रीच्या माघारी

मी एक जुना पोलादी टेप आहे, आणि माझी मोजणी पाचपासून सुरू होते. एक ते चार हे इंच माझ्याजवळ नाहीत. मित्रांनो, तुम्ही हसाल. ज्याला धड एकपासून मोजता येत नाही तो स्वतःची कहाणी काय सांगणार, असंही म्हणाल. खुशाल म्हणा. पण माझ्या त्या गेलेल्या चार इंचांपायी एका घराचं काम बंद पडलं, एका ठेकेदाराला कामावरून काढलं गेलं आणि एका मेलेल्या माणसावर आळ आला. त्या वेळी मी तिथेच होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. ते दिवस अजून माझी पाठ सोडत नाहीत, म्हणून सांगायला बसलो आहे.

जन्म माझा कारखान्यातला. पोलादाची पातळ पट्टी, तिच्यावर पिवळा रंग, रंगावर काळे आकडे आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. बाहेर पाठवण्यापूर्वी एका चष्मेवाल्या बाईने मला लांबच लांब ओढलं, पक्क्या मापाशेजारी ठेवून निरखलं आणि डबीवर शिक्का मारला. माझा जाहीर सत्कार म्हणावा तर तेवढाच. मग काही महिने मी एका दुकानाच्या काचेमागे बिजागऱ्या आणि कड्याकोयंड्यांच्या शेजारी पडून होतो. तिथून मला एका ठेकेदाराने विकत घेतलं.

या ठेकेदाराला सगळे मामा म्हणत. मजूर मामा म्हणत, वाळूवाला मामा म्हणे, ज्यांची घरं बांधली तेही मामाच म्हणत. मात्र या मामांना मामा बनवणं कुणाला जमलेलं नव्हतं. माणूस कामाला चोख आणि शब्दाला पक्का. चिकट हा शब्द मी वापरणार नाही, पण वाकडा झालेला खिळा ते दगडावर ठोकून सरळ करायचे आणि पुन्हा वापरायचे. त्यांनी मला त्यांच्या मिस्त्रीच्या हातात दिलं. "सांभाळ रे," म्हणाले. मिस्त्रीने मला चौदा वर्षं सांभाळलं.

मिस्त्री बुटका होता, कमी बोलायचा, आणि त्याच्या कानावर कायम पेन्सिल असायची. संध्याकाळी हातपाय धुण्याआधी तो मला धुवायचा. म्हणजे पूर्ण बाहेर ओढून तेलाच्या फडक्याने पुसायचा, सिमेंटचा कण न कण काढायचा आणि मग हळूच आत सोडायचा. कधी सटकन सोडलं नाही. त्याने आखलेल्या खोलीत चारी कोपरे असे काटकोनात यायचे की दुसऱ्या ठेकेदारांचे गवंडी बघायला येत. तेव्हा तो मान खाली घालून नुसता मला खिशात टाकायचा. मला मात्र तेव्हा आभाळ ठेंगणं व्हायचं.

सहाव्या वर्षी परांचीची एक फळी वरून सुटली ती थेट माझ्या तोंडावर आली. पुढची कडी उडाली आणि पट्टी चुरगळली. मिस्त्रीने पत्रा कापायची कात्री आणली आणि चारच्या रेघेवर मला सरळ कापून टाकलं. दुखलं खूप, पण काप इतका स्वच्छ होता की वाटावं, मी जन्मतःच असा आहे.

"मामा, नवा टेप लागेल," तो म्हणाला.

"याला काय झालंय? चार इंचच गेलेत ना? बाकीचा धडधाकट आहे की. मोजताना चार कमी कर, आखताना चार जास्त धर. चालतोय तोवर चालू दे."

बांधकामावर असं चालतं, मित्रांनो. अर्धवट तुटलेल्या टेपांची तिथे कमी नसते, आणि ज्याचा टेप तुटका त्याला त्याचं व्यंग पाठ असतं. मिस्त्रीला छत्तीस इंच आखायचे असले की तो चाळीसवर खूण करायचा आणि प्रत्येक वेळी पुटपुटायचा, "चार गेले." दिवसातून पन्नास वेळा तो हे म्हणायचा. पोरं थट्टा करायची, "मिस्त्री, पाचवा कधी जाणार?" तो हसायचा आणि पुन्हा म्हणायचा, "चार गेले." पुढे पुढे ते कुणाला ऐकूही येईनासं झालं. नवा टेप त्याने आणखी दोनदा मागितला. मामा दोन्ही वेळा म्हणाले, "पुढच्या कामाला घेऊ."

मग ते बाईंचं घर आलं. बाई शाळेत शिकवायच्या आणि वडिलांबरोबर राहायच्या. वडील चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले. दोन वर्षांपूर्वी ते पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून चाकांची खुर्ची आली. भाड्याच्या जागेत दाराला तीन पायऱ्या आणि आत प्रत्येक खोलीला उंबरा. दोन वर्षांत ते एकदाही आपले आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले नव्हते. कुणीतरी उचलून न्यायचं तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे.

बाईंनी होतं नव्हतं ते सारं या घरात घातलं. मामांना त्या म्हणाल्या, "मामा, रंग कुठलाही द्या, फरशी साधी घाला. पण बाबांच्या खोलीचं आणि न्हाणीघराचं दार छत्तीसचं हवं. खुर्ची सत्तावीस इंचांची आहे, आणि चाकांवर त्यांचे हात असतात."

"दिला शब्द," मामा म्हणाले.

भिंती उठल्या, छत घालून झालं, बाहेरचा गिलावा झाला; आतली दोन दारं आणि ओटा तेवढा आखायचा राहिला. त्या घरात मिस्त्रीने आखलेलं एकूण एक माप बिनचूक होतं. मजुरी मात्र त्याने घेतली नव्हती. त्याची रीतच तशी होती. रोजच्या खर्चापुरतं उचलायचा आणि बाकीचं मामांकडे ठेवायचा. घर पुरं झालं की सगळं एकदम नेऊन बायकोच्या हातात द्यायचा. तीन महिन्यांची मजुरी तशी मामांकडे साठली होती.

एका सोमवारी दुपारी त्याला हुडहुडी भरली. त्याने मला खिडकीत ठेवलं आणि म्हणाला, "जरा पडतो घरी जाऊन." तापाचं निमित्त झालं. गुरुवारी निरोप आला की मिस्त्री गेला.

तो गेल्यावर खिडकीत मी आणखी अकरा दिवस पडून होतो. माझ्यावर धूळ बसली. संध्याकाळ झाली की तेलाचं फडकं येईल म्हणून वाट बघायचो. बाराव्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं आणि मामा खिडकीशी आले. त्यांच्या खिशात त्यांचा स्वतःचा चांगला टेप होता. तरी त्यांनी मला उचललं, सदऱ्याने पुसलं आणि म्हणाले, "आता याच्यानेच आखू. त्याचा हात आहे यात." त्यांचे डोळे भरून आले होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते लबाडीतून झालं नाही. ते मायेतून झालं.

मामांनी माझं टोक भिंतीला लावलं. पुढे कडी नव्हती, म्हणून अंगठ्याने दाबून धरलं. मला ओढलं आणि छत्तीसवर पेन्सिलीची रेघ मारली. माणूस मोजताना शेवटचा आकडा बघतो, सुरुवात कोण बघतं? मी ताणलेल्या पट्टीतून थरथरलो. चार गेले, मामा, चार गेले! इतकी वर्षं ऐकलेलं ते वाक्य माझ्या अंगात घुमत होतं. त्यांना वाटलं वारा आहे. त्यांनी मला आणखी घट्ट दाबलं. बाबांच्या खोलीचं दार, न्हाणीघराचं दार आणि स्वयंपाकघरातला ओटा, तिन्ही त्याच दिवशी आखून झाले. तिन्ही चार-चार इंचांनी कमी.

सुताराला ते कळायचं कारण नव्हतं. जेवढी जागा दिसली तेवढ्याची चौकट त्याने केली. बत्तीस इंचांच्या जागेत चौकटीने पाच इंच खाल्ले आणि मधे सत्तावीस उरले.

एका रविवारी बाई वडिलांना खोली दाखवायला घेऊन आल्या. "ढकलू नकोस, मी जातो," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि जोर लावला. खुर्ची दारात शिरली आणि अडकली. लाकूड करकरलं. त्यांनी पुन्हा जोर लावला, कारण आतली खिडकी त्यांना दिसत होती. हाताची पेरं सोलून निघाली आणि कोऱ्या चौकटीवर रक्ताचे दोन डाग पडले. ते हसत म्हणाले, "कुणाचं तरी माप चुकलं वाटतं." बाई हसल्या नाहीत. मी खिडकीत होतो. तो करकर आवाज मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचा टेप घेऊन आल्या आणि मामांना त्यांनी त्या दारासमोर उभं केलं.

"छत्तीस सांगितलं होतं. हे बत्तीस आहे. न्हाणीघराचंही बत्तीस. ओटा चौतीस उंच हवा होता, तो तीस आहे. चूक एखाद्या ठिकाणी होते, मामा. तीन ठिकाणी बरोबर चारच इंच? लाकूड वाचवलंत, दगड वाचवलात."

"बाई, जीभ सांभाळा. मी स्वतः मोजतो, बघा." मामांनी मला काढलं, चौकटीच्या बाहेरच्या या कडेला अंगठ्याने दाबलं आणि त्या कडेपर्यंत ओढलं. "हे घ्या, छत्तीस!"

बाईंनी आपला टेप माझ्याशेजारी धरला. बत्तीस.

मामांनी अंगठा उचलला. माझं कापलेलं तोंड त्यांना दिसलं. आठ वर्षांपूर्वी मोजताना चार कमी, आखताना चार जास्त, असं त्यांनीच सांगितलं होतं. ते त्यांना त्या क्षणी आठवलं. मला कसं कळलं म्हणाल, तर मी त्यांच्या हातात होतो आणि तो हात एकदम गार पडला.

जे आठवलं तेवढं बोलले असते तरी पुरे होतं. पण समोर बाई संतापलेल्या, मागे मजूर उभे, आणि तीस वर्षांचं नाव पणाला लागलेलं. मामांनी मला घाईने खिशात कोंबलं आणि खाली बघत म्हणाले, "आखणी मिस्त्रीची होती. माझ्या हातची नाही."

"किल्ली ठेवा आणि निघा," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका. पैसे एक दमडी मिळणार नाहीत."

त्यानंतरचा एक महिना मी मामांच्या खिशात काढला, आणि तसा महिना कुणाच्या वाट्याला येऊ नये. मामा दिवसाढवळ्या त्या घरात जायचे. पुढच्या दाराला कुलूप होतं, पण मागच्या बाजूला अजून दारच बसलेलं नव्हतं. वायरींसाठी घातलेल्या रिकाम्या नळ्यांतून वारा वाहायचा आणि भिंती पुटपुटल्यासारख्या वाटायच्या. मामा त्या चौकटीत उभे राहून दोन्ही हात पसरायचे, एका डागावर एक तळवा, दुसऱ्यावर दुसरा. मग दचकून मागे वळायचे. मागे कुणी नसायचं. एकदा ते मोठ्याने म्हणाले, "ऐकलं नाही रे मी. रोज सांगत होतास, ऐकलं नाही." रिकाम्या खोलीने शेवटचे दोन शब्द परत केले, तेव्हा ते जवळजवळ पळतच बाहेर आले.

मिस्त्रीची बायको मजुरी मागायला दोनदा आली. मामा म्हणाले, "वहिनी, बाईंनी पैसे अडवलेत." ते खरं होतं. पण का अडवलेत, हे त्यांनी सांगितलं नाही. तरी असल्या गोष्टींना पाय फुटतात. नवऱ्याच्या मापामुळे भांडण झालं, हे वहिनींच्या कानावर गेलंच.

शेवटी मामा आणि बाई दोघांनाही मान्य अशी एक इंजिनीअर बोलावली गेली. तिने पहिल्याच वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. "कोण चोर, कोण साव, ते मला सांगू नका. दोघांच्या समोर सगळं मोजू. जे मापात आहे त्याचे पैसे पूर्ण द्यायचे. जे तोडावं लागेल त्याचा खर्च वजा. मग कागदावर सह्या." मामा होते, बाई होत्या, बाबा खुर्चीत होते. वहिनीही आल्या होत्या. त्या कडेला विटांच्या ढिगाशी उभ्या राहिल्या.

सकाळपासून दुपारपर्यंत मोजणी चालली. मिस्त्रीच्या हातच्या पाच खोल्या, जिना, सगळ्या खिडक्या, एक सूतही इकडचं तिकडे निघालं नाही. फक्त तीन जागी चार इंच कमी.

"ही चोरीच," बाई म्हणाल्या.

तेव्हा बाबा बोलले. "थांब गं. शिंप्याचा हात चुकला की एक बाही अर्धा इंच आखूड होते, दुसरी पाव इंच लांब. सगळीकडे सारखंच चुकतं तेव्हा हात नाही, टेप चुकतो. माझ्याही टेपचं टोक झिजलं होतं एकदा. एका नवऱ्यामुलाचा कोट घालवला होता मी. कशानं आखलं हो हे, ठेकेदार?"

मामांचा हात खिशापर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी मला बाहेर काढलं.

बाबांनी मला हातात घेतलं. पेरांवरचे वण अजून गेले नव्हते. त्यांनी माझ्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि मुलीला दाखवलं. बाईंनी ते टोक स्वतःच्या टेपशी लावून पाहिलं. त्यांचा राग उतरला.

इंजिनीअरने कागद पुढे ओढला. "म्हणजे लबाडी नाही. मिस्त्रीचा टेप, मिस्त्रीची चूक. त्याच्या मजुरीतून तोडफोडीचा खर्च कापा, मामांचं बाकीचं बिल देऊन टाका. मिटलं."

मिटलंच होतं, मित्रांनो. मामांनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांचे पैसे सुटत होते, नाव स्वच्छ होत होतं. विटांच्या ढिगाशी वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. मी बाबांच्या तळव्यावर होतो आणि माझ्या पोटातली स्प्रिंग तुटेल की काय असं मला वाटत होतं.

बाबांनी मला मामांपुढे धरलं. "टेप कापलाय मात्र फार सरळ," ते हळू आवाजात म्हणाले. "ज्यानं इतका सरळ कापला, त्याला तो कुठून सुरू होतो हे माहीत नसेल होय?"

नळ्यांतून वारा आला आणि गेला. मामा वहिनींकडे बघू शकले नाहीत. ते चौकटीकडे बघत बोलले.

"आखणीच्या दिवशी मिस्त्री नव्हता. तो जाऊन अकरा दिवस झाले होते. हे मी आखलंय. टेपचं मला माहीत होतं, विसरलो. आणि विसरलो ते कळल्यावर त्याचं नाव सांगितलं. त्याच्या मजुरीला हात लावू नका. जे कापायचं ते माझ्यातलं कापा."

कागद झाला. मापात बसलेल्या कामाचे पैसे मामांना मिळाले. दोन दारं फोडून रुंद करायचा आणि ओटा उंच करायचा खर्च त्यांच्या नफ्यातून गेला, आणि नफा म्हणून काही उरलंच नाही. मिस्त्रीची मजुरी वेगळी लिहिली गेली. कुणाचं कुणाकडे काही नाही, असं शेवटी लिहून दोघांनी सह्या केल्या. मग मामांनी विचारलं, "बाई, दारं मी करून देऊ? फुकट."

बाईंनी मान हलवली. "नको, मामा. चूक मी विसरून गेले असते. पण तुम्ही ती ज्याच्यावर ढकललीत, त्याने बांधलेल्या भिंतींत मला राहायचंय."

नव्या माणसाने महिनाभरात दारं रुंद केली. बाबा आपले आपण खिडकीशी गेले, असं ऐकलं. मी तिथे नव्हतो.

मी मामांबरोबर मिस्त्रीच्या घरी गेलो होतो. मामांनी मजुरी वहिनींपुढे ठेवली आणि शेजारी मला ठेवलं. वहिनींनी पैशांना हात लावला नाही.

"एक विचारू, भावजी? त्या दिवशी यांचं नाव घेतलंत, तेव्हा यांचा चेहरा आला नाही डोळ्यांपुढे?"

"आला, वहिनी. समोरच उभा होता. म्हणून तर मान वर करता आली नाही."

वहिनींनी मला उचलून भिंतीच्या खिळ्याला अडकवलं. मग पाणी आणायला आत गेल्या. मामा ते पाणी प्यायले आणि उठले. त्यानंतर त्यांनी त्या घराची पायरी चढलेली मी पाहिली नाही. ते अजून कामं घेतात म्हणे. आखणी आता दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत, आणि प्रत्येक खुणेशेजारी पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहितात.

मी वहिनींच्या घरात एका खिळ्याला टांगलेला आहे. मला गंज चढतो आहे, आणि माझ्याने आता कुणी काही मोजणार नाही, हे ठीकच आहे. फक्त दुपारी घर शांत झालं की चाकं लाकडावर घासल्याचा आवाज येतो. मी कान नसलेला, तरी मला येतो.

मित्रांनो, हत्यारं जपा. ती तुटली तर वेळेवर बदला, नवा टेप चार दिवसांच्या चहापेक्षा महाग नसतो. आणि हातून चूक झालीच, तर ती आपल्याच तोंडाने सांगा. ज्याला उत्तर द्यायला येता येणार नाही, त्याच्या खांद्यावर ती ठेवू नका. तो बिचारा ती मुकाट्याने उचलतो, आणि मग तुम्ही जिथे जाल तिथे तुमच्यामागून ती घेऊन येत राहतो.